छायाचित्र क्र. ३१

माहीमच्या उरुसाला मी दरवर्षी जाते,
पण पाळण्यात बसायला नाही.
गळ्यात ओळखपत्र, एका हातात टॉर्च,
दुसऱ्यात कार्यालयाचा कॅमेरा,
त्याच्या बुडाला पांढऱ्या रंगात नोंदवहीचा आकडा.
पाहणी रात्रीच करायची असते, भार असताना,
म्हणजे दिवे लागलेले आणि माणसं बसलेली असताना.
दिवसा काय,
सगळंच लोखंड धडधाकट दिसतं.

फोटो एक : जनरेटर.
फोटो चार : अर्थिंगची तार, वाळूत गेलेली.
खरंच गेलीय का म्हणून मी ओढून पाहिली.
ओढू नये. पण मग कळणार कसं?
फोटो नऊ : आग विझवायचं नळकांडं,
मुदत संपून दोन उरूस झालेले,
गळ्यात दर्ग्यावरची गुलाबाची माळ.

साहेबांचं एकच म्हणणं :
पाळणा दाखवा बाई, जत्रा नको.
म्हणून मी वाकते, गुडघे टेकते,
सलवारीला ओली वाळू,
हलवा-पराठ्याचा धूर भिंगावर बसतो, ओढणीने पुसते.
मौत का कुवाँच्या फळ्या धडधडतात,
त्या मोजायच्या वेगळ्या.
मागे समुद्र ओहोटीला लागलेला,
त्याचं कुठल्याच रकान्यात काही नाही.

मुनव्वरभाईंचा पाळणा मोटारीवर चालत नाही.
चार पोरं आऱ्या धरून वर चढतात,
माथ्याशी पोचून लोंबकळतात,
आणि त्यांच्या वजनाने
फुगे घेतलेली अख्खी खानदानं खाली येतात, किंचाळत.
फॉर्मात विचारलंय : मोटारीची अश्वशक्ती.
मी लिहिते : लागू नाही.

फोटो तीस काढला आणि फ्लॅश मेला.
बुडखाच्या जोडातली पिन तेवढी राहिली होती,
गंजून तिची कड फुगलेली.
कॅमेरा विटेवर ठेवला, झडप उघडीच सोडली,
म्हटलं, बोट ठेव रे कोणीतरी, मोजमापाला.
पाळीवरून उतरलेला एक पोरगा बसला उकिडवा.
इस्राफिल. मिसरूड नाही अजून.
श्वास रोखून बसला, स्टुडिओत बसतात तसा.
मेरा आयेगा ना, मॅडम?
म्हटलं, हलू नकोस.

एकतीसमध्ये बोट आलं.
ग्रीसने काळं, नख आडवं चिरलेलं,
गंजाचा कण न् कण.
आणि मागे माणसंच नाहीत.
पाळण्यातली नाहीत, आऱ्यांवरची नाहीत, रांगेतली नाहीत,
नुसतं एक पिवळं-हिरवं कडं,
कोणी न फिरवता फिरलेलं.

साहेब म्हणाले, यात बोट कशाला?
मोजमापाला, सर.
पट्टी ठेवायची ना.
आणि कापलं त्यांनी, चारही बाजूंनी.
फाइलीत आता पिन आहे फक्त.
शेरा : बदलून घ्यावी.

मूळ फोटो मी शितळादेवीजवळच्या स्टुडिओत धुऊन आणला,
पुढच्या डिसेंबरात पर्समध्ये घालून गेले.
आऱ्यांवर चार पोरं होती. सगळी नवी.
मुनव्वरभाईंनी तो बल्बाखाली धरला, चष्मा कपाळावर सरकवून.
कड्याकडे पाहिलंही नाही.
अरे, ये तो इस्राफिल.
कसं ओळखलंत?
नाखून से. मेरे ही हथौड़े से फटा था, नागौर के मेले में.
पुढे काही म्हणाले नाहीत.
गल्ल्यातल्या नोटा बाजूला सारून
फोटो तळाशी ठेवला, उताणा.
आता कुठे असतो, हे मी विचारायच्या आत
म्हणाले, पिन बदली है, मॅडम. देख लो.

बघितली.
पट्टी ऑफिसातच राहिली होती.
माझंच बोट ठेवलं.